गैरहजर मतदार आणि उसाचा फड

लोकसभेसाठी 7 मे 2024 रोजी उस्मानाबाद मतदारसंघात 63.88 टक्के मतदान झाले. जिल्हा धाराशिव झाला, तरी मतदारसंघ अजून जुन्याच नावाने ओळखला जातो. त्याच दिवशी, तशाच उन्हात कोल्हापुरात 71.59 टक्के आणि हातकणंगल्यात 71.11 टक्के मतदारांनी मतदान केले. उस्मानाबाद मतदारसंघाच्या यादीत जवळपास 20 लाख नावे होती. म्हणजे सात लाखांहून अधिक नावांपुढे त्या दिवशी सही झाली नाही की अंगठा उमटला नाही. विजयी उमेदवार ओमराजे निंबाळकर यांना 7 लाख 48 हजारांवर मते मिळाली. मतदान न केलेल्यांचा आकडा त्याच्या जवळ जाऊन पोहोचतो.

निकाल लागला की या आकड्यावर ‘मतदारांची उदासीनता’ असा शिक्का मारला जातो आणि विषय संपतो. मग पुढच्या निवडणुकीआधी पुन्हा प्रभातफेऱ्या, रांगोळ्या, शपथा आणि पथनाट्ये होतात. या उपक्रमांत राबणाऱ्या शिक्षकांचा आणि कर्मचाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ही सारी जागृती जो गावात आहे त्याच्यासाठी असते. धाराशिवचा प्रश्न गावात नसलेल्याचा आहे. उदासीन मतदार आणि गैरहजर मतदार यांच्यातला फरक जोवर प्रशासन आणि पक्ष मान्य करीत नाहीत, तोवर या जिल्ह्याची टक्केवारी साठी-पासष्टीच्या मध्येच घुटमळत राहील.

उदासीनता पाहायची असेल तर ती मुंबईत दिसते. 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत कुलाब्यात 45 टक्केही मतदान झाले नाही. केंद्र घराजवळ, सुट्टी भरपगारी, रस्ता डांबरी. तरीही निम्म्याहून अधिक नावे कोरी राहिली. त्याच दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीरमध्ये मतदान 84 टक्क्यांच्या पुढे गेले आणि राज्याची सरासरी 66 टक्क्यांवर पोहोचली. पंचगंगेच्या खोऱ्यातला शेतकरी मतदानाच्या दिवशी आपल्या गावात असतो, कारण त्याचे पाणी, त्याचा ऊस आणि त्याचा कारखाना तिथेच आहे. तो ऊस तोडायला जाणाऱ्यांत मात्र बीड, धाराशिव, नगर आणि जालन्याची माणसे असतात. एकाच राज्यात एकाचे पाणी त्याला गावात ठेवते आणि दुसऱ्याची कोरड त्याला गाव सोडायला लावते, याचा मतदानाशी थेट संबंध आहे.

भूम, परंडा, वाशी आणि कळंब या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत परतीचा रस्ता बंद असतो. फडाजवळच्या मोकळ्या जागेत कोप्या पडतात. पहाटे अंधारातच तोड सुरू होते. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची आणि रात्री-अपरात्री वाहन येईल तेव्हा पुन्हा उठायचे, असा तो दिवस. जानेवारी 2024 च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले तर दोघांच्या हाती सातशे-साडेसातशे रुपये पडतात. कोल्हापूरकडच्या फडातून वाशीला मतदानाला येऊन परत जायचे तर अडीचशेहून अधिक किलोमीटर जाणे, तेवढेच येणे आणि किमान दोन दिवसांचे खाडे. दीड हजाराची मजुरी बुडते, प्रवासखर्च वेगळा आणि मुकादमाची बोलणी त्याहून वेगळी. हा हिशेब ज्याला मांडावा लागत नाही, त्याने या मजुराला उदासीन म्हणण्याआधी थांबले पाहिजे.

2024 च्या विधानसभेला हंगाम आणि मतदान एकाच आठवड्यात येऊन ठेपले. गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू करण्याचा निर्णय मंत्रिसमितीने सप्टेंबरातच घेतला होता. पुढे मतदानाची तारीख आली 20 नोव्हेंबर. टोळ्या हंगामाच्या तारखेआधीच कारखान्याच्या हद्दीत पोहोचलेल्या असतात. लाखो तोडणी मजूर मताला मुकतील, अशी चिंता तेव्हा जाहीरपणे व्यक्त झाली. परंडा, भूम आणि वाशी हे तीन तालुके मिळून परंडा विधानसभा मतदारसंघ होतो. तिथे तानाजी सावंत यांनी राहुल मोटे यांच्यावर 1,509 मतांनी विजय मिळवला. जिल्ह्यातल्याच उमरग्यातही निकाल चार हजारांच्या आतल्या फरकाने लागला. फडावरची माणसे असती तर निकाल फिरला असता, असे म्हणण्याला आधार नाही आणि तसा दावा कुणी करूही नये. पण दीड हजाराने आमदार ठरतो तिथे गावाबाहेर गेलेली प्रत्येक टोळी मोजली गेली पाहिजे, एवढे तरी कोणत्याही पक्षाला नाकारता येणार नाही.

जिल्हा परिषदेची गोष्ट याहून बिकट. 2012 आणि 2017 या दोन्ही वर्षी तिचे मतदान फेब्रुवारीत झाले, म्हणजे गाळप ऐन भरात असताना. ज्या जिल्हा परिषदेकडे तोडणी मजुरांच्या मुलांची शाळा, गावचा दवाखाना आणि वस्तीचा रस्ता आहे, तिच्याच निवडणुकीला ही माणसे गावात नसतात. मार्च 2022 मध्ये तिची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. मतदान ही सवयही आहे. ती लावायची तर निवडणुका वेळेवर झाल्या पाहिजेत.

मे महिन्यातल्या लोकसभेला ऊसतोड मजूर बहुतेक परतलेले असतात, हे खरे. तेव्हा दुसरी गैरहजेरी समोर येते. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात वाशी, धाराशिव आणि लोहारा होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, शेतात काम उरले नाही आणि तरुण पोरे पुणे, चाकण, रांजणगावच्या वाटेला लागली. कंपनीत कंत्राटी, बांधकामावर रोजंदारी, कुणी सोसायटीत वॉचमन. त्यांची नावे गावच्या यादीत असतात. गावात पाणी नाही, हाताला काम नाही आणि पुण्याहून येण्याजाण्याचे भाडे खिशातून जाणार. यातले किती जण मतदानाच्या मंगळवारी एका दिवसासाठी येतील?

मग ही माणसे मत द्यायलाच तयार नसतात का? ग्रामपंचायतीकडे पाहिले की याचे उत्तर मिळते. 15 जानेवारी 2021 रोजी राज्यातल्या 12 हजारांवर ग्रामपंचायतींचे मतदान झाले आणि ते 79 टक्क्यांच्या घरात गेले. महिना जानेवारीचा, हंगाम ऐन रंगात, वर करोनाची धास्ती. तरीही माणसे आली, कारण वॉर्डात दहा-वीस मतांवर सदस्य ठरतो आणि उमेदवार फडापर्यंत जीप-टेम्पो पाठवून आपली माणसे घेऊन येतो. म्हणजे अडचण इच्छेची नाही, वाहनाची आणि बुडणाऱ्या मजुरीची आहे. मात्र उमेदवाराच्या गाडीतून आलेला मतदार गाडीचे ओझे घेऊनच केंद्रात शिरतो. लोकसभा आणि विधानसभेसाठी तर मतदारांची अशी फुकट ने-आण करणे हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खाली भ्रष्ट मार्ग ठरतो. जे काम सरकारने उघडपणे करायचे, ते उमेदवाराने लपूनछपून करावे ही व्यवस्था लोकशाहीला शोभणारी नाही.

यादीतला घोळ हा आणखी एक पदर. मतदार यादीचे पुनरीक्षण साधारण ऑक्टोबर अखेरीस सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. 2023 मध्ये प्रारूप यादी 27 ऑक्टोबरला प्रसिद्ध झाली. नेमक्या त्याच दिवसांत कोयता गाव सोडतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) दारात येतो तेव्हा घराला कुलूप असते, घरी असलीच तर म्हातारी आई आणि शाळेतले नातवंड. शेजारी सांगतो, ‘ते गेलेत कारखान्याला.’ कागदावर त्याचे ‘स्थलांतरित’ व्हायला वेळ लागत नाही. वास्तविक 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 20 स्पष्ट आहे: तात्पुरते बाहेर गेल्याने कुणाचा सर्वसाधारण रहिवास संपत नाही. तोडणीला गेलेल्याचे नाव वगळणे कायद्याच्या विरुद्ध आहे, हे प्रत्येक बीएलओच्या प्रशिक्षणात ठासून सांगितले गेले पाहिजे. उलट बाजूला मृतांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची आणि शहरात दुसरीकडे नोंदवलेल्यांची नावे यादीत तशीच राहतात आणि टक्केवारी आणखी खाली ओढतात. नवी सून सासरच्या यादीत येत नाही, माहेरच्या यादीतून जात नाही आणि स्वतः फडावर असते. तिच्या वाट्याला मत येतच नाही.

परगावी असलेल्याला मत देता येईल, अशी सोय या देशात नाही असे नाही. सैन्यातले जवान आणि निवडणूक कामावरचे कर्मचारी टपालाने मत देतात. 2024 मध्ये 85 वर्षांवरील ज्येष्ठ आणि 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांच्या घरी मतदान पथके गेली. काश्मीरमधून विस्थापित झालेल्या मतदारांसाठी जम्मू आणि दिल्लीत विशेष केंद्रे असतात. पोटासाठी बाहेर पडलेल्या मजुराला मात्र यातले काही लागू नाही. डिसेंबर 2022 मध्ये निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला. एका यंत्रावर 72 मतदारसंघांचे मतदान होईल, अशी त्याची रचना होती. जानेवारी 2023 मधल्या बैठकीत पक्षांनी शंका घेतल्या आणि प्रयोग तिथेच थांबला. त्यातल्या काही शंका रास्त होत्या. पण शंका घेतल्यावर दुसरा मार्ग सुचवणेही पक्षांचे काम होते आणि ते कुणी मनावर घेतले नाही.

यंत्राची वाट न पाहताही बरेच करता येईल. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी रोजंदारी कामगारालाही द्यावी, असे 1951 च्या कायद्याचे कलम 135 ब सांगते. अडचण अशी की तोडणी मजूर कागदावर कारखान्याचा नसतो, तो मुकादमाचा असतो. आणि दंड अवघा 500 रुपयांपर्यंतचा. म्हणून साखर आयुक्तांनी हंगामाच्या परवान्यातच अट घालावी: हंगामात निवडणूक आली तर कारखान्याने मतदानाला जोडून दोन दिवस तोड बंद ठेवावी आणि टोळ्यांच्या येण्याजाण्याचा खर्च उचलावा. वाहने एसटीची असावीत आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली धावावीत, म्हणजे कुणा उमेदवाराचे उपकार उरणार नाहीत. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे, ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंद आणि ओळखपत्रांचे कामही झाले आहे. ती नोंद आणि मतदार यादी शेजारी ठेवली तर कोणत्या गावातले किती मतदार कोणत्या कारखान्यावर आहेत, हे तहसीलदाराला कळू शकेल. ढोकी, रांजणी, मुरूम इथे कारखाने असलेला हा जिल्हा मजूर पाठवतोही आणि बोलावतोही. दोन्ही बाजूंचा अनुभव असलेल्या प्रशासनाला याची सुरुवात करणे जड जाऊ नये.

निजामी राजवट सप्टेंबर 1948 मध्ये संपली आणि 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत इथल्या भूमिहीनालाही जमीनदाराइतकेच एक मत मिळाले. त्याच भूमिहीनांच्या नातवंडांना आज ते मत आणि दोन दिवसांची मजुरी यांतले एक निवडावे लागते. गाळपाची तारीख ठरवणारी मंत्रिसमिती दर पावसाळ्याच्या अखेरीस बसते. जिल्ह्याच्या चारही आमदारांनी आणि खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून पुढच्या बैठकीआधी सुट्टी, मजुरी आणि एसटी या तीन मागण्या लेखी द्याव्यात, आणि त्या दिल्या की नाहीत याचा जाब धाराशिवच्या मतदारांनी त्यांना विचारावा.