खरी कॉफी कोणाची?

"आपल्याकडे कॉफी म्हणजे नुसतं गोड गरम दूध! खरी कॉफी प्यावी ती इटलीतच..." हे वाक्य आपल्या कॅन्टीनमध्ये दर सेमिस्टरला कोणी ना कोणी टाकतंच. बोलणारा इटलीला जाऊन आलेला असतोच असं नाही, बहुतेक वेळा मॉलपर्यंत जाऊन आलेला असतो! कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'तिकडचं तेच खरं' हे ऐकायची मला सवय आहे. पण या बाबतीत माझं मत एकदम वेगळं आहे. 'खरी कॉफी' असं काही नसतंच. प्रत्येक देशाची कॉफी म्हणजे त्या देशापुढे आलेल्या कुठल्यातरी अडचणीचं उत्तर असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी कन्स्ट्रेंट, मग डिझाइन आणि आवड सगळ्यात शेवटी!

इटलीपासूनच सुरुवात करू. एस्प्रेसो ही काही आजीच्या स्वयंपाकघरातून आलेली परंपरा नाही, ते चक्क मशीन आहे. तुरीनच्या अँजेलो मोरिओंदोने १८८४ मध्ये पेटंट घेतलं, मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये त्यात सुधारणा केली. हेतू एकच, गिऱ्हाइकाला ताटकळत न ठेवता चटकन कप हातात द्यायचा. पण नुसत्या वाफेचा दाब कमी पडायचा आणि कॉफी करपल्यासारखी लागायची. मग आकिले गाज्जाचं दांड्याचं मशीन १९४८ मध्ये बाजारात आलं. त्याने दाब खूप वाढवला आणि कॉफीवर तो प्रसिद्ध सोनेरी फेस आला. म्हणजे ज्या फेसावरून आज लोक 'अस्सल' ठरवतात, त्याच्यापेक्षा आपलं स्वातंत्र्य वर्षभराने मोठं आहे!

आता तुर्कस्तान. तिथे पिठासारखी बारीक पूड लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात शिजवतात, गाळत नाहीत, गाळ खाली बसू देतात. युनेस्कोने २०१३ मध्ये या परंपरेला वारसा म्हणून मान्यता दिली. गंमत अशी, की दरडोई चहा पिण्यात जगात सगळ्यात पुढे असणाऱ्या देशांत हेच तुर्की लोक आहेत! कारण साधं आहे. पहिल्या महायुद्धानंतर ऑटोमन साम्राज्य गेलं, कॉफीचं येमेनही हातातून गेलं आणि कॉफी महाग झाली. नव्या सरकारने काळ्या समुद्राकाठी रिझे भागात चहाची लागवड वाढवली. दोन पिढ्यांत देशाची चव बदलली. शेजारच्या ग्रीसमध्ये तर हीच कॉफी 'टर्किश' म्हणून मिळायची. १९७४ च्या सायप्रसच्या संघर्षानंतर ती 'ग्रीक' झाली. रेसिपी तीच, फक्त लेबल बदललं.

व्हिएतनामचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. कॉफी आणली फ्रेंचांनी, पण ताजं दूध मिळेना. मग डब्यातलं घट्ट गोड कन्डेन्स्ड मिल्क घातलं. तिथली रोबस्टा जातीची कॉफी कडू, त्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे जोडी अशी जमली की विचारू नका. १९४६ मध्ये हनोईत दुधाची टंचाई होती, तेव्हा न्गुयेन वान जांग यांनी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला. टंचाई गेली, अंड्याची कॉफी राहिली.

कोणी म्हणेल, "पण मूळ असं काही असेलच ना?" आहे की! अरेबिकाचं माहेर इथियोपिया. तिथे पाहुण्यांसमोर कच्च्या बिया भाजतात, कुटतात, मातीच्या जेबेनात उकळतात आणि अबोल, तोना, बरका अशा तीन फेऱ्या वाढतात. तास सहज जातो. मूळ तेच खरं मानलं, तर अर्ध्या मिनिटात यंत्रातून निघणारा इटालियन कप सगळ्यात खोटा ठरेल!

मग आपल्या घरची जायफळाची कॉफी कोणत्या तोंडाने कमी ठरवायची? जग झोप उडवायला कॉफी पितं आणि आपण तिच्यात झोप आणणारं जायफळ किसून घालतो, हे हसण्यासारखं आहे खरं. पण आपल्या घरात कॉफी रात्र जागवायला नव्हतीच, ती आल्यागेल्याच्या पाहुणचाराला होती. आणि हॉस्टेलवरची फेटलेली कॉफी? मशीन नाही, मग चमचा! पूड, साखर, दोन थेंब पाणी आणि मनगट. २०२० च्या लॉकडाउनमध्ये हीच पद्धत 'दालगोना' हे कोरियन नाव लावून आली, तेव्हा सगळ्यांना ती एकदम भारी वाटली.

याचा अर्थ सगळंच चांगलं, असं मी म्हणत नाही. शिळी पूड आणि तीनदा उकळलेलं पाणी कुठल्याही देशात वाईटच. पण फिल्टर कॉफीला एस्प्रेसोची फुटपट्टी लावणं म्हणजे ट्रकला रेसिंग कारच्या स्पीडवरून नापास करणं.

आणि हे फक्त कपापुरतं नाही. स्टारबक्सने २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आपल्या ८४ पैकी ६१ दुकानांना कुलूप लावलं. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या इटालियन आणि ग्रीक लोकांनी तिथे गल्लोगल्ली कॅफे रुजवले होते, लोकांना त्यांची स्वतःची कॉफी होती. एवढ्या मोठ्या कंपनीचाही अंदाज चुकतो, कारण 'आमचं तेच सगळ्यांना हवं' असं वाटतं. उद्या आपल्यापैकी बरेच जण कोणासाठी तरी काहीतरी डिझाइन करणार आहेत. गावातल्या बाईसाठी पंप असेल, नाहीतर परदेशातल्या बँकेसाठी सॉफ्टवेअर. तेव्हा वापरणारा असं का वापरतो, हे आधी विचारायची सवय हवी. ती लावून घ्यायला कॅन्टीनचं टेबल काही वाईट नाही.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी 'खरी कॉफी' म्हणालं की एवढंच विचारा, "कोणासाठी आणि कशासाठी?" भांडण नक्की रंगेल. कॉफी मात्र तोपर्यंत गार करू नका!