तासाचा रेट आणि सिंकखालची बादली

गेल्या आठवड्यात ऑफिसात जेवताना मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की शनिवारी मी स्वयंपाकघरातल्या नळाचा गळका पाईप स्वतः बदलला. टेबलावर पाच जण. पाचही इंजिनियर, त्यातले दोघे चक्क मेकॅनिकलचे. पहिली प्रतिक्रिया, "कशाला? प्लंबर मेला का?" दुसरी त्याहून भारी. आमच्या एका मित्राने मोबाईल काढून हिशोबच मांडला. तुझा तासाचा रेट नऊशे रुपये धर, तू साडेतीन तास घालवलेस, म्हणजे पाईप तुला तीन हजारांच्या वर पडला. सगळे हसले. मी पण हसलो. पण घरी येताना डोकं जे सटकलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

तर झालं होतं असं. आमच्याकडे सिंकला तो ओढून बाहेर काढायचा नळ आहे, तोंडाला स्प्रे असलेला. घर घेताना बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये बघितला आणि भुललो. एके दिवशी सिंकखालच्या कपाटातला बटाट्यांचा कागद ओला लागला. मग प्लायच्या कडा फुगलेल्या दिसल्या. बादली लावली. दर दोन-तीन तासांनी ओतायची. प्लंबरला फोन केला, "उद्या येतो" म्हणाला. असे चार उद्या गेले. पाचव्या दिवशी आला, वाकून दोन मिनिटं बॅटरी मारली आणि म्हणाला, "पूर्ण नळच बदला साहेब, याचा पाईप सुटा मिळत नाही." कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्या बाईही गोड आवाजात तेच म्हणाल्या. नवा नळ साडेसात हजार.

इथे मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. कारण ऑफिसात एखादी सर्व्हिस पडली तर मी "पूर्ण सिस्टीम बदला" असं म्हणणाऱ्याला उभा सोलीन. लॉग बघ, कुठे फुटतंय ते शोध, एक एक गोष्ट वेगळी करून तपास. हे सगळं मी रोज करतो. मग सिंकखाली वाकताना माझी अक्कल कुठे जाते?

बायको म्हणाली, "अरे, गळतं कधी ते तरी बघ आधी." बघितलं. नळ बंद असताना एक थेंब नाही. नळ चालू केला की मिनिटभरात टपटप. म्हणजे निम्मा प्रश्न तिथेच सुटला. अँगल कॉकपासून नळापर्यंत येणाऱ्या दोन पाईपांमध्ये पाणी चोवीस तास दाबाखाली असतं, ते फुटले असते तर दिवसरात्र गळलं असतं. फक्त नळ चालू असताना गळतं म्हणजे दोष नळाच्या खटक्याच्या पुढे, म्हणजे स्प्रेकडे जाणाऱ्या तिसऱ्या पाईपात. हा पाईप खाली लोंबतो, त्याला एक वजन लावलेलं असतं, म्हणजे ओढलेला स्प्रे आपसूक जागेवर जातो. थेंब त्या वजनावरून पडत होते. पण पाणी पाईपावरून ओघळत येऊन सर्वात खालच्या जागी टपकतं, चीर असते वर कुठेतरी. सगळं पुसून कोरडं केलं, पाईपाला ठिकठिकाणी टिश्यू गुंडाळले, नळ सोडला. वरून दुसरा टिश्यू आधी भिजला. अँगल कॉकच्या दांडीला घासून घासून तिथे पाईपाची जाळी विरली होती. सापडला! प्रॉडक्शनमधला बग सापडल्यावर होतो तेवढाच आनंद झाला, शपथ.

जुना पाईप काढला आणि खिशात घालून रविवार पेठ गाठली. बोहरी आळीत तिसऱ्या दुकानात काकांनी पाईप हातात घेतला, दोन्ही टोकांचे आटे अंगठ्याने चाचपले आणि विचारलं, "किती लांब?" मी दीड मीटर म्हणालो. एका टोकाला शॉवरच्या पाईपसारखा अर्ध्या इंचाचा नट, दुसऱ्या टोकाला बारीक आट्यांचं पंधरा मिलिमीटरचं तोंड. माळ्यावरून पोऱ्याने काढून दिला. साडेचारशे रुपये. "सुटा मिळत नाही" तो हाच.

जाता जाता एक गंमत. घरी आल्यावर मी तो "अर्धा इंच" मोजला. बाहेरून जवळजवळ २१ मिलिमीटर भरला. अर्धा इंच म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या आसपास, मग हा कुठला अर्धा? तर हे माप आट्यांचं नाहीच, जुन्या काळच्या लोखंडी पाईपाच्या आतल्या भोकाचं आहे. पाईप बदलले, प्लॅस्टिकचे झाले, नाव तेच राहिलं. हे आटे ब्रिटिश पद्धतीचे, इंचाला चौदा, ५५ अंशाचे. हा ५५ अंश जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८४१ साली ठरवला. अमेरिकेतल्या अर्ध्या इंची पाईपालाही इंचाला चौदाच, पण ६० अंश, त्यामुळे तिकडून हौसेने आणलेला नळ इकडे बसल्यासारखा वाटतो आणि गळतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं स्टँडर्ड माझ्या सिंकखाली अजून चालू आहे आणि मी तीन वर्षांपूर्वीच्या लायब्ररीला लेगसी म्हणतो!

असो. बसवताना माझा पोपट झालाच. शहाणपणा करून नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळली, वर पान्ह्याने जीव खाऊन आवळलं. नळ सोडला तर आधी टपटप होती ती आता धार झाली. परत उघडलं तर वॉशर चेपून एका बाजूला सरकलेला. ज्या जोडात वॉशर असतो तिथे पाणी वॉशरचा सपाट चेहरा अडवतो, आटे नुसते दाबून धरायला असतात. टेप तिथे लागत नाही, उलट नट नीट बसू देत नाही. नवा वॉशर (पाच रुपये, परत खाली दुकानात), हाताने आवळला, पान्ह्याने फक्त पाव फेरा. बास. गळणं बंद. साडेतीनपैकी दीड तास या माझ्या शहाणपणाचा.

आता मित्राच्या हिशोबाकडे येऊ. शनिवारी सकाळी दहा वाजता मला तासाला नऊशे रुपये कोण देतं? नाव सांगा, मी जातो. त्या वेळात मी काय केलं असतं ते मला माहीत आहे, लोळून सिरीज बघितली असती. हाच मित्र रविवारी राजगड चढतो तेव्हा तासाचा रेट लावत नाही. लॉकडाऊनमध्ये त्याने घरी पाव भाजून फोटो टाकले तेव्हा बेकरीवाला मेला होता का? मग हिशोब नेमका पान्हा हातात घेतल्यावरच का आठवतो?

मला विचाराल तर हा हिशोब पैशाचा नाहीच, कुणाचं काम कुठलं याचा आहे. "अभ्यास कर, नाहीतर प्लंबर होशील" हे ऐकत आपण मोठे झालो. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस हातात दिली तर आपण काय केलं? मी सांगतो मी काय केलं, सिनियरकडून तयार जॉब दोनशे रुपयांना घेतला, त्यावर माझा रोल नंबर ठोकला आणि मार्क घेतले. अर्धी बॅच तेच करत होती. डिग्रीवर इंजिनियर लिहून आलं आणि आटे कुठल्या बाजूला फिरतात ते सिंकखाली झोपल्यावर अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. बरं, ज्याला हे येतं त्याला आपण सोसायटीच्या गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावतो, सामानाच्या लिफ्टने पाठवतो, आणि त्याने पाचशे मागितले की "एवढ्याशा कामाचे?" असं विचारतो. एवढंसं आहे तर कर की मग!

त्याच्या पोटावर पाय येतो म्हणणारेही भेटले. अहो, चार दिवस तो आला नाही तो याचसाठी. नव्या साईटवर बाथरूमच्या बाथरूम मिळत असताना माझ्या एका पाईपासाठी त्याने का यावं? त्याचाही तासाचा रेट आहे. भिंतीतला पाईप फुटला तर मी त्यालाच बोलावणार आणि मागेल ते देणार. गॅसच्या लाईनला आणि मेन स्विचला मी हात लावणार नाही, तुम्हीही लावू नका. पण वॉशर?

आणि कंपन्यांना आपलं हे सोवळं पक्कं माहीत आहे. २०२२ साली केंद्र सरकारने 'राईट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही आलं, भर होता शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्यांवर. चांगलंच आहे. पण साडेचारशेचा पाईप "सुटा मिळत नाही" हे वाक्य खपतं ते कायदा नाही म्हणून कमी आणि कपाटात डोकं घालून बघणारं कुणी नाही म्हणून जास्त. मी स्वतः साडेसात हजारांचा नळ जवळजवळ मागवला होता. कार्टमध्ये होता.

काल त्याच मित्राचा फोन आला. त्याच्याकडे बाथरूममध्ये जेट स्प्रेचा पाईप गळतोय, प्लंबर "उद्या येतो" म्हणालाय. मी म्हटलं, नट हाताने सुटतोय का बघ, आत वॉशर आहे का बघ, आणि वॉशर असेल तर टेप लावू नकोस. म्हणाला, "तूच ये ना यार शनिवारी."

येतो म्हटलं. नऊशे रुपये तास, जायचा-यायचा वेळ धरून. :-)