वाटणी शेताची, आईवडिलांची नव्हे



देगलूरच्या माझ्या मामांना तेलुगू येते. दिवाळीत ते आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी मोबाईलवर 'बडि पंतुलु' हा 1972 चा तेलुगू चित्रपट लावला आणि आम्हांला अर्थ सांगितला. 'बडि' म्हणजे शाळा, 'पंतुलु' म्हणजे गुरुजी. एन. टी. रामाराव त्यात गुरुजी झाले आहेत, अंजलीदेवी त्यांच्या पत्नी.

गुरुजी मुलांना जीव लावून शिकवतात. पण म्हातारपणी त्यांचीच मुले काय करतात? वडील एकाकडे, आई दुसऱ्याकडे! शेवटी जुना विद्यार्थीच मदतीला धावतो. मराठीतही राजा परांजपे यांच्या 'ऊन पाऊस' (1954) या चित्रपटात मास्तरांची अशीच गोष्ट आहे.

मामा म्हणाले, "गुरूचे ऋण फेडावे ते असे!" मला ते अर्धेच पटले. विद्यार्थी मोठा होईपर्यंत वाट का बघायची? घरच्या मुलांना कळायला नको का?

खरे सांगू? आमची आजी काकांकडे असते, आजोबा आमच्याकडे. चित्रपट चालू असताना आजोबा उठून ओट्यावर जाऊन बसले. मला वाटले, झोप आली असेल. पण ते जागेच होते.

दोघांनाही जेवण मिळते, औषधपाणी होते. पण बोलायला जोडीदार नाही. माझे मत असे, की सांभाळायचे तर दोघांना मिळून सांभाळावे. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे.

मी बाबांना तसे म्हटले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "संक्रांतीला आजीला आणू."

मी तीळ निवडून ठेवलेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी