पर्वत खरंच 'अचल' असतो का?



मुलांना पर्वताचे समानार्थी शब्द विचारून बघा. गिरी, शैल, अद्री, नग, अचल... उत्तरं भराभर येतील. मग शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ विचारा. 'नग' म्हणजे न जाणारा, 'अचल' म्हणजे न हलणारा. नदी वाहते, माणूस चालतो, पर्वत मात्र जागच्या जागी. मुलांच्या मनात हे चित्र पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे भूगोलाच्या तासाला 'हिमालयातल्या हिमनद्या वितळत आहेत' असं आपण सांगितलं, तर मुलं ते वाक्य वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. त्यांना ना आश्चर्य वाटतं, ना प्रश्न पडतो.

माझ्या मते अडचण माहितीची नाही, काळाची आहे. पर्वताचा काळ आणि माणसाचा काळ आपण मुलांना एकाच मापाने शिकवतो. ही मापं दोन हवीत. त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही, सुतळीचे दोन तुकडे पुरतात.

पहिली दोरी : पर्वताचा काळ

साधारण सात मीटर सुतळी घ्या. एक मीटर म्हणजे एक कोटी वर्षं असं माप धरा. एका टोकाला 'आज' लिहा. तिथून सुमारे 6.6 मीटरवर गाठ मारा. त्या सुमाराला लाव्हारसाचे थरावर थर साचत आपलं दख्खनचं पठार तयार होत होतं. घाटातून एसटीने जाताना कातळाचे जे आडवे पट्टे दिसतात, ते हेच थर. पाच मीटरच्या आसपास दुसरी गाठ मारा. तेव्हा भारताचा भूखंड आशियाला भिडला आणि हिमालय उचलला जाऊ लागला. म्हणजे सह्याद्रीचा कातळ हिमालयाच्या उठावापेक्षा जुना! हे ऐकून मुलं हमखास चकित होतात. भारताचा भूखंड आजही वर्षाला काही सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतोय, साधारण आपली नखं वाढतात त्या वेगाने. तेव्हा 'अचल' पर्वतही हलतोच.

आता विचारा, शेवटचं हिमयुग संपलं त्याची खूण कुठे करायची? त्याला 11,700 वर्षं झाली. या दोरीवर तो जेमतेम एक मिलिमीटर. आणि माणसाची शंभर वर्षं? ती केसाच्या जाडीपेक्षाही कमी!

ही दोरी सुंदर आहे, पण फक्त हीच दाखवली तर घात होतो. मुलाला वाटतं, एवढ्या अफाट काळात आपण कोण? मोठी माणसंही हेच बोलतात, "अहो, हवामान तर पहिल्यापासून बदलत आलंय." या दोरीवर ते खरंही आहे. म्हणून दुसरी दोरी लागते.

दुसरी दोरी : आजीचा काळ

इथे एक सेंटीमीटर म्हणजे एक वर्ष. सुरुवात 1935 पासून करा. त्या वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जे. बी. ऑडेन यांनी गंगोत्री हिमनदीच्या टोकाचा, म्हणजे गोमुखाचा नकाशा तयार केला. तेव्हापासून ते टोक एक किलोमीटरहून जास्त मागे सरकलंय. आपल्याकडची किती तरी कुटुंबं चारधामला जातात, काही जण गंगोत्रीहून गोमुखापर्यंत पायी जातात. आजोबा ज्या जागी उभे राहिले, तिथे नातू गेला तर त्याला बर्फाऐवजी दगडगोटे दिसतील. पर्वत तोच, देखावा वेगळा. हा फरक घडायला कोटी वर्षं लागली नाहीत, दोन पिढ्या पुरल्या.

अलास्कातल्या एक्झिट ग्लेशियर नावाच्या हिमनदीकडे जाणाऱ्या वाटेवर ठिकठिकाणी फक्त वर्षं लिहिलेल्या पाट्या आहेत. त्या त्या वर्षी बर्फ तिथपर्यंत होता. माणूस चालत जातो आणि बर्फ गाठण्याआधी त्याला कित्येक दशकं ओलांडावी लागतात. आपली दुसरी दोरी म्हणजे वर्गातली तीच वाट.

या दोरीवर 2014 ची गाठ मारा. आइसलँडमधल्या 'ओक' नावाच्या हिमनदीला तिथल्या तज्ज्ञांनी त्या वर्षी हिमनदी म्हणणं थांबवलं. बर्फ पूर्ण संपला होता म्हणून नाही. तो इतका पातळ झाला होता की स्वतःच्या वजनाने पुढे सरकू शकत नव्हता. इथे 'हिमनदी' हा आपला शब्द किती नेमका आहे, ते मुलांना जरूर सांगा. वर बर्फ साठतो, दाबला जातो, हळूहळू खाली वाहतो आणि खालच्या टोकाला वितळतो. बँकेच्या खात्यासारखंच हे. जमेपेक्षा खर्च वाढला की शिल्लक घटते. वाहणं थांबलं की उरतो नुसता बर्फाचा तुकडा. 2019 च्या ऑगस्टमध्ये लोकांनी तिथे डोंगर चढून जाऊन स्मृतिफलक बसवला. तो पुढच्या पिढ्यांना उद्देशून लिहिलाय आणि त्यावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडाही आहे : दहा लाख भागांत 415. कारखानदारीचं युग सुरू होण्याआधी तो 280 च्या आसपास होता.

पुढची गाठ ऑक्टोबर 2023 ची. सिक्कीममधलं साऊथ ल्होनाक हे हिमतळं फुटलं आणि तिस्ता नदीवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. वरची हिमनदी गेली काही दशकं मागे सरकत होती, तसतसं ते तळं वाढत गेलं होतं. मग मुलांना स्वतःच्या जन्मवर्षाची गाठ मारू द्या. घरी जाऊन आजी-आजोबांचं जन्मवर्ष विचारून येऊ द्या. या दोरीवर माणूस केसाएवढा राहत नाही, चांगला वीतभर, हातभर दिसतो!

घाबरवायचं नाही, फसवायचंही नाही

इथे आपली जबाबदारी मोठी आहे. '2035 पर्यंत हिमालयातला सगळा बर्फ संपणार' हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकलं असेल. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या 2007 च्या अहवालात ते आलं होतं. ते चुकीचं होतं आणि जानेवारी 2010 मध्ये समितीने तसं जाहीर मान्य केलं. तेव्हा ते फळ्यावर लिहू नका. 2035 साली बर्फ जागेवर दिसला की तेच मूल म्हणेल, सगळंच खोटं होतं.

सगळीकडे सारखंच घडतंय असंही नाही. काराकोरममधल्या बऱ्याच हिमनद्या दीर्घकाळ त्यामानाने स्थिर राहिल्या. तसंच, गंगेच्या मैदानातलं बहुतेक पाणी पावसाचं असतं. हिमनद्यांचा हातभार मोलाचा ठरतो तो वरच्या खोऱ्यांत आणि कोरड्या महिन्यांत. सिंधू खोऱ्यात हा वाटा बराच मोठा आहे. 'हिमालयातल्या नद्या बारमाही का?' या प्रश्नाचं 'कारण बर्फ वितळतो' हे एका ओळीचं उत्तर म्हणूनच अपुरं आहे. किती वितळतो, कधी वितळतो आणि पुन्हा तेवढा साठतो का, हे तीन प्रश्न त्याला जोडा.

काठमांडूच्या इसीमोड या संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार, जगाची तापमानवाढ 1.5 ते 2 अंशांपर्यंत रोखली तर या शतकाच्या अखेरीस हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांचं 30 ते 50 टक्के आकारमान जाईल. वाढ 4 अंशांवर गेली तर 80 टक्क्यांपर्यंत. या दोन आकड्यांमधलं अंतर मुलांना दाखवा. नुकसान होणार, हे लपवायचं नाही. पण किती होणार, हे अजून ठरायचंय.

उरलेली सुतळी कापू नका

आपल्या गोदावरी-कृष्णेला हिमनद्या नाहीत. 'मग आपला काय संबंध?' असं कुणी विचारेल. हवा एकच आहे, हा एक संबंध. दुसरा संबंध शिक्षणाचा. विहिरीची पातळी, गावचा ओढा, देवराईतली झाडं, हे सगळं दुसऱ्या दोरीच्या मापानेच बदलतं. ते माप ज्याला कळलं, तो मुलगा गावच्या ओढ्याकडेही 'हा पहिल्यापासून असाच' म्हणून बघणार नाही. आजीला विचारेल, "तुझ्या लहानपणी याला पाणी कधीपर्यंत असायचं?"

म्हणून एक विनंती. दुसरी दोरी 'आज'पाशी कापू नका. पुढे 2100 पर्यंत, म्हणजे आणखी पाऊण मीटर, तशीच मोकळी सोडा आणि वर्गाच्या भिंतीवर लावा. आज चौथी-पाचवीत असलेली मुलं तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात असतील. ती सुतळी त्यांच्या आयुष्याची आहे. तिच्यावर कुठल्या गाठी पडाव्यात, हे त्यांना आपसांत बोलू द्या. आणि हो, त्या दिवशी आपण मोठ्यांनी थोडं कमी बोलायचं.