मुरुमांना वय नसतं

परळमध्ये १९५२ साली केशव पेंढारकरांनी विको कंपनी सुरू केली. पुढे तिचं हळद-चंदनाचं क्रीम गिरगाव-लालबागच्या घराघरांत पोचलं. ते मुरुमांवर लावताना आपल्याला वाटतं, मुरुम म्हणजे दहावी-बारावीची गोष्ट, वय सरलं की जाईल.

तसं नसतं. वयात येताना अँड्रोजेन या संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात. तिथे बेन्झॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापॅलीन उपयोगी पडतं, पण दोन-तीन महिने धीर हवा. तिशीतल्या बाईच्या हनुवटीवर पाळीआधी पुन्हापुन्हा फोड येत असतील, सोबत पाळीही अनियमित असेल, तर पीसीओएस या अंडाशयाच्या विकाराची तपासणी करून घ्या. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर अ‍ॅडापॅलीनसारखं रेटिनॉइड नकोच.

मला खरी धास्ती वाटते ती दादरला लग्नाची साडी घेतल्यावर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ‘गोरं करणाऱ्या’ ट्यूबची. तिच्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. आठवड्यात चेहरा उजळतो, नंतर त्वचा पातळ होते, मुरुम उसळतात. २०१८ पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. तरी मिळतात. पोरींनो, परळला केईएम रुग्णालयाची त्वचारोग ओपीडी आहे. आधी तिथे जा. आईलाही न्या, तिच्या चाळिशीतल्या मुरुमांसाठी.