शेजारच्या खिडकीतला दिवा

‘विनोदी चित्रपट तो, फादर, एवढे काय मनावर घेता?’ असे आम्हांस सुनावण्यात येते. विनोदी आहे म्हणूनच आम्ही मनावर घेतो. हसताना माणूस जे स्वीकारतो, ते तपासून घेत नाही.

जो दांते यांचा ‘द बर्ब्स’ हा अमेरिकन चित्रपट १९८९ सालचा. टॉम हँक्स यांनी रंगवलेला रे पीटरसन सुट्टीत घरी बसून क्लोपेक नामक शेजाऱ्यांवर पाळत ठेवतो. त्यांचे अंगण ओसाड, रात्री तळघरातून चमत्कारिक आवाज, कोणाशी बोलणे नाही. एवढ्यावर गल्लीतील शहाणे त्यांना खुनी ठरवतात. पुढे त्यांच्या घरात शिरून खोदकाम करतात, गॅसची नळी फुटते, घर उडते. तेव्हा होरपळलेला रे कबूल करतो की, वेडे ते नव्हेत, आपणच. येथे पडदा पडता तर आम्ही दिग्दर्शकाला दंडवत घातला असता! परंतु लगेच क्लोपेकांच्या मोटारीच्या डिकीत सांगाडे निघतात. म्हणजे संशय खरा, आणि कुंपण ओलांडणेही रास्त. दीड तास ज्या रोगाची थट्टा केली, त्यालाच शेवटी प्रशस्तिपत्र!

आपल्या आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने (२०२२) निदान डोंबिवलीतील टॉवर आणि त्याला खेटून असलेली वस्ती यांच्यातला पाण्याचा प्रश्न तरी पुढे मांडला. भय कोठून उपजते, याचा काही शोध तेथे आहे.

पडद्यावर डिकीत सांगाडे निघतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यास काय निघाले? बाजाराच्या दिवशी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. त्यांच्या झोळीत भिक्षाच होती. अफवा मोबाइलवरून आली होती. हात मात्र गावचेच होते.

धुळे दूर आहे, असे कोणी म्हणू नये. मार्गासनीस एका सदैव बंद दाराच्या नव्या घराविषयी कुजबुज चाले. रात्रभर दिवा जळतो, दिवसा कोणी दिसत नाही. ती ऐकताना आम्हीही मान डोलावली होती. अखेर एकदा जाऊन कडी वाजवली. आत अंथरुणाला खिळलेली आई होती आणि उशाशी जागणारी मुलगी. ‘बसा ना,’ ती म्हणाली, ‘इतक्या महिन्यांत तुम्हीच पहिले आलात.’