उरलेल्या अन्नाचा धर्म

भाद्रपदातील या मंगल दिवसांत घरोघरी श्रीगणराय विराजमान झाले असून, अनुराधा नक्षत्रावर आलेल्या गौरी आज ज्येष्ठा नक्षत्रावर जेवणार आहेत. कुठे सोळा भाज्यांचा बेत आहे, कुठे पुरणावरणाचा, कुठे घावन-घाटल्याचा. माहेरवाशिणीच्या पानात काही उणे राहू नये म्हणून घरातील स्त्रिया पहाटेपासून सोवळ्यात राबत असतील. या प्रसंगी आमच्या सर्व वाचक कुटुंबांचे अभीष्ट चिंतीत असताना, पंगत उठल्यानंतरच्या एका साध्या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते. भाज्यांची देठे व साले, केळीची पाने, पानांत राहिलेले उष्टे, दुसऱ्या दिवशीची वाळलेली पत्री, या साऱ्याचे पुढे काय होते?

अन्नाविषयी आपल्या पूर्वजांची दृष्टी काय होती, हे सांगावयास नकोच. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाला ब्रह्म मानले आहे आणि अन्नाची निंदा न करणे हे व्रत म्हणून सांगितले आहे. ही दृष्टी केवळ ग्रंथात राहिली नाही, ती स्वयंपाकघरात उतरली. पुरणाच्या डाळीचे पाणी कोणी ओतून दिले नाही, त्याची कटाची आमटी झाली. तांदळाचे धुवण झाडाच्या मुळाशी गेले, शिळ्या पोळीचा कुस्करा झाला. जेवणाआधी गाईचा घास आणि कावळ्याचा घास बाजूला निघाला. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे, तो याचसाठी. आपल्या अन्नावर आपल्याखेरीज इतर जीवांचाही हक्क आहे, ही त्यामागील जाणीव होय.

ज्या काळी घराला परसू होते, त्या काळी हा धर्म आपोआप पाळला जाई. साले गोठ्यात जात, शेण उकिरड्यावर जाई, उकिरड्याचे खत शेतात पडे आणि शेतातून पुन्हा धान्य घरी येई. शहरात आलो, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, गोठा गेला, परसू गेले आणि हे चक्र तुटले. आता सारे एकाच डब्यात पडते आणि डबा दाराबाहेर गेला की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो.

परंतु दाराबाहेर गेलेले अन्न नाहीसे होत नाही. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडत राहिला. तेथील विहिरींचे पाणी नासले आणि अखेर ग्रामस्थांना कचऱ्याच्या गाड्या रोखण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले. मुंबईतील देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस उपनगरांवर पसरून राहिला होता. ढिगाखाली हवेवाचून अन्न कुजले की त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निघतो आणि काळे विषारी पाणी जमिनीत झिरपते. आपल्या घरच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग याच ओल्या अन्नाचा असतो. ज्या उरुळीच्या नावातच देव आहे, तिच्या माथी आपण आपल्या नैवेद्याचे शेष अशा रूपाने मारावे, हे कोणत्या धर्मात बसते?

यावरचा उपाय नवा नाही आणि अवघडही नाही. ओला कचरा वेगळा ठेवला, तर त्याचे सोने होते. त्यात सुका पाला मिसळून, हवा खेळती ठेवून, ओल बेताची राखली, तर दोन-तीन महिन्यांत त्याचे काळेभोर, मातीच्या वासाचे खत तयार होते. शिजलेले, तेलकट खरकटे बायोगॅसला अधिक उपयोगी पडते. त्यातून चुलीसाठी इंधन मिळते आणि उरलेला गाळ पुन्हा खतच असतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या अशा प्रकल्पाला ‘निसर्गऋण’ हे नाव देण्यात आले, ते आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानणाऱ्या समाजाने हेही एक ऋण ओळखावे.

मात्र हे ऋण फेडताना एका व्यक्तीचा विसर पडता कामा नये. सकाळी आपल्या दाराशी येऊन कचरा मागणारी ती भगिनी, तीच ती व्यक्ती. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभी केली. त्यात बहुसंख्य दलित समाजातील स्त्रिया होत्या. उकिरड्यावर वाकून पोट भरणाऱ्या या स्त्रिया पुढे ‘स्वच्छ’ या स्वतःच्या सहकारी संस्थेच्या सभासद झाल्या आणि २००८ साली महानगरपालिकेशी करार होऊन दारोदार जाऊन कचरा गोळा करण्याचे काम या संस्थेकडे आले. आपण ओले व सुके एकत्र करून दिले, तर ते वेगळे करण्याचे काम यंत्र करीत नाही. ते तिच्या हातांनी होते.

येथे आम्हांस थोडे परखड लिहिणे भाग आहे. नैवेद्याला हात लावण्यापूर्वी आपण स्नान करतो, सोवळे नेसतो, चौरंगाजवळ मुलांना फिरकू देत नाही. आणि त्याच दिवशी खरकट्यात फुटलेली काच, दाढीची पाती, वापरलेले सॅनिटरी पॅड मिसळून ते दुसऱ्या कोणाच्या तरी आईच्या हाती निःशंकपणे देतो. आपले सोवळे आपल्या उंबरठ्यापाशीच संपत असेल, तर त्याला शुचिता म्हणावयाचे, की केवळ सोय? २०१६ च्या नियमांनी कचरा वेगळा करून देणे प्रत्येक कुटुंबावर बंधनकारक केले. परंतु धर्मनिष्ठ घराला त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये.

म्हणून यंदा काही गोष्टी प्रत्येक घराने कराव्यात, असे आम्ही सुचवितो. पहिली ही, की अन्न बेतानेच रांधावे, आणि उरले तर ते ताजे असतानाच भुकेल्याच्या मुखी जाईल असे पाहावे. दुसरी, ओल्या कचऱ्याचा डबा निराळा ठेवावा व त्यात प्लॅस्टिकची पिशवी घालू नये. तिसरी, काच व पाती कागदात नीट गुंडाळून, आणि सॅनिटरी पॅड कागदात बांधून, त्यावर ओळखीसाठी लाल ठिपका करून वेगळे द्यावे. निर्माल्य नदीत सोडू नये. हारांतील दोरा, जर व प्लॅस्टिक काढून ते घाटावरील निर्माल्य कलशात द्यावे, म्हणजे देवाला वाहिलेले फूल मातीला मिळेल. आणि शिळे अन्न पिशवीत बांधून गाईपुढे टाकण्याचे पुण्य कृपा करून कोणी जोडू नये. अन्नाच्या वासाने ती पिशवीसह गिळते आणि ते प्लॅस्टिक तिच्या पोटात साचून तिचा जीव घेते.

उद्या मूळ नक्षत्रावर गौरी निघतील. सणाच्या सकाळीही कचरा न्यायला येणाऱ्या त्या भगिनीला प्रसाद अवश्य द्यावा, पण तिचे मासिक शुल्क थकवू नये, कारण प्रसादाने मजुरी फिटत नाही. आणि तिच्या हाती जो डबा द्यावयाचा, तो असा असावा की त्यात हात घालताना तिला भय वाटू नये. गौरीचा नैवेद्य ज्या हातांनी आपण वाढतो, त्याच हातांनी त्याचे शेषही सन्मानाने मातीकडे धाडावे. सण तेव्हाच पूर्ण झाला, असे आम्ही मानू.